बारीक आहे, म्हणून शुगर होणार नाही?

 

आपल्याकडे एक समज पक्का आहे. शुगर होते ती जाड माणसाला, किडकिडीत माणसाला नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हाच समज तपासून पाहिला. त्यांच्याकडे येणारे बरेच रुग्ण जाडजूड नव्हते आणि वयानंही लहान होते. मग यांना मधुमेह का?

आधी आजार समजून घेऊ. जेवणातली साखर रक्तात येते. ती शरीराच्या कामी लावण्याचं काम इन्सुलिन करतं. इन्सुलिन हे एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन. ते कमी पडलं, किंवा शरीर त्याला जुमानेनासं झालं, की साखर रक्तातच साचते. शरीरात, विशेषतः पोटावर, चरबी वाढली की शरीर इन्सुलिनला कमी जुमानतं.

१९९३ मध्ये डॉक्टरांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. वाशीच्या बाजारात माथाडी काम करणाऱ्या कितीतरी कुटुंबांची गावं पुणे-सातारा भागातलीच. तिथल्या घरांची रीत तुम्हाला नवी नाही. सुमारे अडीच हजार विवाहित बायकांची त्यांनी नोंद ठेवली. दिवस गेल्यावर ती काय खाते, किती राबते, बाळ किती वजनाचं होतं, सगळं लिहून घेतलं.

तिथल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरातली बाळं ३.५ किलोची. आपली बाळं लहान, स्नायू कमी. पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच! म्हणजे दिसायला बारीक, आतून चरबीदार. शुगरचं बी असं पोटातच पेरलं जातं.

आईच्या ताटाबद्दलही कळलं. ज्या बायका दूध, पालेभाज्या आणि फळं वरचेवर खात होत्या, त्यांची बाळं चांगल्या वजनाची होती. ज्या गरोदरपणातही पाणी वाहणं, शेतात राबणं अशी जड कामं जास्त करत होत्या, त्यांची बाळं लहान. सुमारे दोन-तृतीयांश बायकांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी असलेल्या आयांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला कमी जुमानत होतं.

पण म्हणून सरकारी दवाखान्यातली लोह-फोलिकची गोळी बंद करू नका. ती बाळाला आणि आईला हवीच. तिच्या जोडीला बी-१२ मिळायला हवं. ते भाजीत नसतं. दूध, दही, ताक, अंडं, मटण, मासळी यांत असतं. आपल्या खाडीकाठच्या घरांत बोंबील आणि सुकट असते; पण ती सुनेच्या ताटात किती येते? शाकाहारी असाल, उपास फार करत असाल, तर बी-१२ बद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.

तपासणीचंही सांगते. दिवस राहिल्यावर दवाखान्यात पहिल्याच भेटीत शुगरची तपासणी मागा. ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतात. उपाशीपोटीच जावं लागतं असं नाही. ती ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायची. गरोदरपणात शुगर निघाली असेल, तर बाळंतपणानंतर दीड महिन्यानं परत तपासा. पुढेही ती कायमची जडू शकते. तीस वर्षांवरच्या प्रत्येकीनं, बारीक असली तरी, आशाताईंना सांगून शुगर बघून घ्यावी.

आता एक गोष्ट नीट ऐका, सासूबाईंनी तर नक्कीच. बाळ लहान झालं, म्हणून सुनेला बोल लावू नका. तिची अंगकाठी तिच्या लहानपणी, तिच्या आईच्या ताटातून घडली. दोष तिचा नाही. जबाबदारी साऱ्या घराची आहे, आणि ती लग्न झाल्यावर नाही, मुलगी जन्मल्यापासून सुरू होते. दुधाची वाटी भावाला आणि बहिणीला सारखीच.

पुढच्या बैठकीत हप्ते जमा झाले की एकच प्रश्न विचारा: आपल्या घरात गरोदर सून आणि वयात येणारी लेक कितव्या पंगतीला जेवते, आणि तोवर पातेल्यात काय उरलेलं असतं? उत्तर खरं द्या.