विज्ञान ऐकण्याचे नव्हे, करण्याचे



विज्ञानाचा जाहीर कार्यक्रम म्हटला की हारतुरे, व्यासपीठ आणि लांबलचक भाषण हेच बहुधा दिसते. प्रयोग मुलांसाठी आणि उपदेश प्रौढांसाठी, अशी ही वाटणी! सावंगी (मेघे) ज्या वर्ध्यालगत आहे, तेथेच ऑक्टोबर १९३७ च्या शिक्षण परिषदेने हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. तो प्रौढांना का लागू नसावा?

१९८७ मध्ये भारत जन विज्ञान जथा गाणी आणि नाटके घेऊन लोकांत गेला. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी बुवांचे चमत्कार भर सभेत करून दाखविले. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडले की थोड्या वेळाने ज्वाला उठते. ‘मंत्राने पेटणाऱ्या’ होमाचे रहस्य एवढेच. पण खरा पालट होतो तो प्रेक्षकांतील शेतमजूर बाई स्वतः हळदीच्या पाण्यात चुना कालवते, पाणी लाल होते, सभा हसते आणि ती विचारते, “असे का?” तेव्हा. प्रश्नाची सवय लागलेला माणूस बुवापुढे किंवा सावकारापुढे सहजी वाकत नाही.

हे काम करमणुकीपुरते नाही. ते आयुष्यभर करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. म्हणून सावंगीसारख्या गावी सभा भरेल तेव्हा व्यासपीठ लहान असावे आणि प्रयोगाचे टेबल लोकांच्या मधोमध.