वळण घेणारा गोळा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



खेळाविषयी बोलावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. क्रिकेट सोडून आम्ही आज लॉन बाउल्स हा विषय निवडला आहे. हिरवळीवर ‘जॅक’ नावाचा लहान गोळा आधी घरंगळवायचा आणि सुमारे दीड किलोचे मोठे गोळे त्याच्या जवळ न्यायचे, एवढाच हा खेळ. मात्र मोठा गोळा मुद्दामच एका अंगाला कललेला घडवितात. वेग मंदावला की तो वळतो. जो थेट जॅकवर नेम धरतो, तो चुकतो. जो वळण ओळखतो, त्याला साधते.

आसामच्या गोलाघाट जिल्ह्यातील नयनमोनी सैकिया प्रथम भारोत्तोलन करीत. पायाच्या दुखापतीने ती वाट बंद झाली, तेव्हा त्या या खेळाकडे वळल्या. पुढे वनखात्यात नोकरी आणि हिरवळीवर सराव असा दुहेरी संसार त्यांनी सांभाळला. २ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत महिला चौकडीच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने ८-२ ची पिछाडी भरून काढून १०-८ अशी आघाडी घेतली. त्यानंतर भारताने प्रतिपक्षाला एकही गुण दिला नाही. सामना १७-१० असा जिंकला. या खेळातील भारताचे हे पहिलेच राष्ट्रकुल पदक, आणि तेही सुवर्ण! त्याच वर्षीच्या अर्जुन पुरस्कारांत नयनमोनींचे नाव होते.

त्यांच्या सहकाऱ्यांपैकी लवली चौबे मूळच्या धावपटू, पिंकी क्रिकेट खेळणाऱ्या, तर रूपा राणी तिर्की कबड्डीपटू. लवली आणि रूपा राणी आपल्या शेजारच्याच झारखंडच्या. चौघींपैकी एकीचाही हा पहिला खेळ नव्हता!

नोकरीतील बदल्यांमुळे आम्ही अनेक गावांचे पाणी प्यालो. प्रत्येक गावी परीक्षेत एकदा घसरल्यामुळे ‘वाया गेली’ असा शिक्का बसलेली मुले आम्हांस भेटली. रायपुरातही ती आहेत, कदाचित याच सभागृहात बसली असतील. आपले मंडळ दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करते, ते योग्यच आहे. परंतु पन्नाशीच्या उंबरठ्यावर आमची एक नम्र सूचना आहे: पहिली वाट बंद झाल्यावर दुसरी धरणाऱ्या एका तरी मुलाला वा मुलीला दरवर्षी हात द्यावा. रक्कम लहान असली तरी चालेल. गोळा वळला म्हणजे चुकला, असे नव्हे, हे त्या लेकराला आपल्या माणसांकडून कळावे, इतकेच मागणे.