दावा मागे घेताना



15 ऑगस्ट 2007 रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आपल्याकडची धुऱ्याची, पांदणीची, बोडीच्या पाण्याची भांडणं त्यातून गावातच मिटू लागली. पण कोर्टात गेलेलं भांडण गावात मिटलं, तरी दावा आपोआप संपत नाही. तारखा पडतच राहतात. मग वादी विचारतो, वकील न लावता तो मला काढून घेता येईल का?

येईल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23, नियम 1 प्रमाणे वादी आपला दावा केव्हाही सोडून देऊ शकतो. दाव्याचा क्रमांक, पक्षकारांची नावं आणि ‘मला हा दावा चालवायचा नाही’ एवढं लिहायचं, सही करायची, तारखेला स्वतः हजर राहायचं. कोर्टात या कागदाला पुरसीस म्हणतात. आधी कुणाला वकीलपत्र दिलं असेल तर त्यांच्या कानावर घाला. वादी अनेक असतील तर बाकीच्यांची संमती हवी, आणि वादी अज्ञान असेल तर न्यायालयाची परवानगी.

हे इतकं सोपं आहे, हीच माझी चिंता. नुसती पुरसीस दिली की त्याच विषयावर, त्याच माणसाविरुद्ध पुन्हा दावा लावता येत नाही. वर खर्चही बसू शकतो. शेजारी धुरा मागे घ्यायचं कबूल करतो, तुम्ही खुशीनं पुरसीस देता, आणि रोवणीच्या दिवसांत त्याचा नांगर पुन्हा तुमच्या बांधीत! गावच्या तंटामुक्ती समितीपुढचा कागद म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा नव्हे.

म्हणून समझोता झाला असेल तर दावा काढून घेऊ नका, तडजोड दाखल करा. त्याच आदेशाच्या नियम 3 प्रमाणे दोघांच्या सह्यांची लेखी तडजोड दिली की तसा हुकूमनामा होतो. समोरचा फिरला, तर त्या हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त लावता येते. लोकअदालत त्याहून बरी: 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत.

दावा काढून घ्यावा तो त्यातच खोट असेल तेव्हा. समजा, वनविभागाविरुद्ध दावा लावला, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस द्यायची राहिली. अशा वेळी अर्जात ‘नवीन दावा दाखल करण्याच्या मुभेसह’ हे शब्द हवेत, आणि आदेशातही ते उतरले का, ते पाहून घ्या. मुभा मिळाली तरी दावा लावण्याची मुदत सहसा थांबत नाही. उदाहरणार्थ, हातउसन्या पैशांच्या दाव्याची तीन वर्षं पहिला दावा लावलाच नव्हता अशा हिशेबानं मोजली जातात.

आणखी एक. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही. महसूल संहितेचं कलम 36-अ तसं सांगतं. तडजोडीच्या कागदाआडून ती सरकवायचे प्रयत्न होतात. अशा कागदावर अंगठा देऊ नका.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून एकटं जाणाऱ्यांनी हेही ऐकावं: अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. भामरागडच्या माडिया बोलणाऱ्याने किंवा सिरोंच्याच्या तेलुगू बोलणाऱ्याने मराठी पुरसीस आपल्या भाषेत समजावून मागावी, सही त्यानंतर.