गंज काढावा, पण किती?

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला सांगितलं, “तुझ्या धातुशास्त्रातलं काहीतरी बोल, पण झोप येईल असं नको.” विषय मग आपल्याच वर्गातल्या एका मित्राने दिला. त्याचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होते. १९४५ साली जपानी सैन्य शरण आलं, तेव्हा त्यांच्या अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवल्या. त्यातली एक आजोबांबरोबर घरी आली. आज ती गंजली आहे, धारेला दोन खाचा आहेत. मित्राने विचारलं, “गावात एक जण मशीनवर आरशासारखी चकचकीत करून देतो म्हणतो. देऊ का?”

मी म्हटलं, “थांब.” का म्हटलं, ते सांगतो.

जपानी पातं घडवताना लोहवाळू आणि कोळसा भट्टीत घालून आधी पोलाद तयार करतात. त्याला तामाहागाने म्हणतात. ते ठोकायचं, घडी घालायची, पुन्हा ठोकायचं. त्यामुळे पोलादात लाकडासारख्या रेषा येतात. बहुतेक पात्यांत आत मऊ पोलाद आणि त्यावर कठीण पोलादाची साल असते. शेवटी पात्यावर माती लिंपतात, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ, आणि तापवून पाण्यात बुडवतात. धार झटकन थंड होऊन कठीण होते, पाठ मऊ राहते. या दोन्हींच्या सीमेवर जी दुधी रेघ उमटते तिला हामोन म्हणतात. कोणी ती सरळ ठेवतो, कोणी लाटांसारखी. जाणकार या रेघेवरून आणि पोलादाच्या पोतावरून लोहाराचं घराणं आणि काळ ओळखतात.

हे सगळं दिसतं ते पात्याला नीट घासलं तरच. त्यासाठी जपानात स्वतंत्र कारागीर असतो, तोगिशी. तो बुटक्या आसनावर बसतो, पायाने दगड दाबून धरतो आणि पाणी घेत पातं दगडावर चालवतो. आधी खरबरीत दगड, मग एकेक पायरी मऊ. शेवटचे दगड तर कागदावर चिकटवलेल्या पातळ चकत्या असतात, त्या अंगठ्याखाली धरून फिरवतात. एका पात्याला काही आठवडे लागतात. होनआमी घराणं पिढ्यानपिढ्या हेच काम आणि तलवारींची पारख करत आलं. त्यांच्यातले होनआमी निश्शू यांना १९७५ साली जपान सरकारने ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला. धार लावणाऱ्याला एवढा मान! सर, आम्ही शाळेत पेन्सिलींना इतकी टोकं काढली, आमची कोणी दखल घेतली नाही.

पण पेन्सिल लक्षात ठेवा. टोक काढलं की लिहिता येतं, आणि पेन्सिल तेवढी कमी होते. पात्याचंही तसंच आहे. धारेला दोन मिलिमीटरची खाच असेल, तर ती भरता येत नाही. घालवायची तर सगळी धार दोन मिलिमीटर मागे घ्यावी लागते. असं शतकानुशतकं होत गेलं की वरची साल संपते आणि आतलं मऊ पोलाद डागासारखं वर येतं. अशा पात्याला जपानीत ‘थकलेलं’ म्हणतात. त्याचा थकवा कोणत्याही कारागिराला घालवता येत नाही. म्हणून चांगला तोगिशी आधी पाहतो की किती घासायचं नाही. कधी तो लहान खाच तशीच सोडतो.

मशीनचं चाक हा विचार करत नाही. ते पात्याच्या कडा गोल करतं, पोत पुसून टाकतं, आणि पातं फार तापलं तर धारेचा कठीणपणाही जातो. चमक मिळते, तलवार जाते.

आणखी एक नियम आहे. मुठीच्या आत जाणाऱ्या भागावरचा गंज कधीच काढायचा नाही. तो काळसर तपकिरी गंज म्हणजे पात्याचा जन्मदाखला. लोहाराची सहीही तिथेच असते.

जपानात मितो इथल्या तोकुगावा संग्रहालयात तेराव्या शतकातल्या मित्सुतादा नावाच्या लोहाराची एक प्रसिद्ध तलवार आहे. १९२३च्या भूकंपानंतरच्या आगीत ती जळून काळी पडली. तिला पुन्हा पाणी देता आलं असतं. जळालेल्या तलवारींना तसं केल्याची जुनी उदाहरणं आहेत. पण त्यांनी ती काळीच ठेवली आणि हौसेसाठी वेगळी प्रतिकृती घडवून घेतली. लोक ते काळं पातं पाहायला रांगा लावतात.

मित्राच्या घरी आम्ही मुठीतली बांबूची खुंटी हलकेच काढली. युद्धकाळात कारखान्यांतून निघालेल्या तलवारी पुष्कळ होत्या; पण काही अधिकारी घरचं जुनं पातं लष्करी मुठीत बसवून आणत. आत गंजाखाली छिन्नीने कोरलेली अक्षरं आहेत. सही खरी की खोटी, हे जाणकारच सांगतील. खोट्या सह्या कमी नाहीत. तोवर आम्ही पात्याला हलकं तेल लावून ठेवलं आहे, एवढंच. जपानी लोक त्यासाठी लवंगेचा वास असलेलं तेल वापरतात.

आपल्यातल्या पुष्कळांच्या घरी खंडेनवमीला पुजली जाणारी एखादी तलवार, कट्यार, निदान आजीचा जुना अडकित्ता असेल. यंदा पूजेआधी चिंच, विटेची भुकटी किंवा पॉलिश पेपर हातात घ्याल, तेव्हा एवढं आठवा: राहिलेला गंज उद्याही काढता येतो, घासलेलं लोखंड परत येत नाही. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, तेलाचा हात फिरवा आणि जाणत्या माणसाला दाखवा.