पलटणीची लेक आणि इस्त्रीचा ढीग



आजच्या भागात आपण गाण्याबद्दल बोलणार आहोत. पण भजनाबद्दल नाही आणि भावगीताबद्दलही नाही. आज बोलायचं आहे ते युरोपातल्या ऑपेराबद्दल. नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक, एवढं आत्ता पुरे. गोष्ट असते, पात्रं असतात आणि ती गाऊन आपलं मन मोकळं करतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, तिथे गायला माइक नसतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे 3,800 खुर्च्या आहेत. समोर मोठा वाद्यवृंद वाजत असतो आणि त्याच्यावरून शेवटच्या रांगेपर्यंत बाईचा नुसता गळा पोचायला हवा.

आपण बोलतोय ते नाटक गायतानो दोनिझेट्टी नावाच्या इटालियन संगीतकाराचं आहे. त्यानं ते पॅरिससाठी फ्रेंच भाषेत केलं आणि 1840 साली ते पहिल्यांदा रंगमंचावर आलं. आपल्या भाषेत त्याचं नाव सांगायचं तर ‘पलटणीची लेक’. नाटक विनोदी आहे आणि दोनच अंकांचं आहे.

गोष्ट अशी. लढाईच्या मैदानात एक तान्ही मुलगी सापडते. फ्रेंच सैन्याची एकविसावी पलटण तिला सांभाळते. तिचं नाव मारी. तिला एक बाप नाही, सगळी पलटणच तिचे बाप. मोठी झाल्यावर ती सैनिकांचं खाणंपिणं आणि कपडे बघते. बोलणं रोखठोक, चालणं शिपायासारखं. टोनियो नावाच्या एका डोंगरी गावच्या तरुणावर तिचं मन बसतं. तेवढ्यात एक श्रीमंत सरदारीण येते आणि म्हणते, ही माझी भाची. ती मारीला वाड्यावर घेऊन जाते. मग सुरू होतं शिकवणं: असं बसायचं, असं हसायचं, हे गाणं म्हणायचं. आणि शेवटी, या घरात लग्न करायचं.

ओळखीचं वाटलं ना? भाषा फ्रेंच असली तरी लेकीला वळण लावण्याची ही पद्धत आपल्याला चांगली माहीत आहे.

आता या मारीचं गाणं. ते गायला जो गळा लागतो त्याला ‘कोलोरातुरा सोप्रानो’ म्हणतात. सोप्रानो म्हणजे बाईच्या आवाजातली सगळ्यात वरची पट्टी. कोलोरातुरा म्हणजे त्या सुरांना भरलेला रंग: झपाझप उतरणाऱ्या ताना, थरथरते सूर, खालून एकदम वर घेतलेली झेप. लुगड्यावर बारीक वेलबुट्टी काढावी तसं हे काम. एक टाका सुटला तरी दिसतो.

मारीचं काम अनेक मोठ्या गायिकांनी केलं. त्यातल्या एकीचं काम आम्ही गटातल्या बायकांनी मिळून ध्वनिचित्रफितीत पाहिलं. ती फ्रान्सची नाताली देसे. जन्म 1965 चा, लिऑं शहरातला. लहानपणी तिला नाचणारी व्हायचं होतं, मग नटी व्हायचं होतं आणि झाली गायिका. 2007 च्या जानेवारीत लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये तिनं मारी केली. पुढे तोच प्रयोग व्हिएन्नात आणि 2008 मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाला. दिग्दर्शक होते लोराँ पेली. त्यांनी ही गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या काळात नेली, आणि डोंगर उभे केले ते मोठमोठ्या नकाशांचे.

या प्रयोगातली मारी नटूनथटून येत नाही. अंगात बंडी, पँटला गॅलस, केसांची शेपटी. समोर पलटणीच्या कपड्यांचा हा ढीग आणि हातात इस्त्री. ती इस्त्री करते, बटाटे सोलते, तणतणते, धावते आणि हे सगळं करताना गाते. आम्ही आधी खूप हसलो. मग गटातल्या एक काकू म्हणाल्या, “अगं, हिचा दम कसा पुरतो?”

खरा प्रश्न हाच आहे. एक लांब तान एका श्वासात घ्यावी लागते. वाकलं की पोट दाबलं जातं, हात जोरात चालला की श्वास तुटतो. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणायच्या तेव्हा दळण आणि गाणं एका लयीत चालायचं, जात्याची फेरीच ठेका द्यायची. इथे तसं नाही. इस्त्रीची लय वेगळी आणि तानेची वेगळी. दोन्ही सांभाळायचं, वर लोकांना हसवायचं आणि आपल्याला कष्ट पडताहेत हे कुणाला कळू द्यायचं नाही.

दुसऱ्या अंकात तर आणखी कठीण आहे. सरदारीण मारीला एक जुनं, संथ, सभ्य गाणं शिकवत असते. मारीला ते जमत नाही आणि आवडतही नाही. बाजूला पलटणीचा जुना सार्जंट उभा असतो. दोघं हळूच पलटणीच्या ढोलाच्या चालीवर घसरतात. इथे गायिकेला मुद्दाम बिघडवून गायचं असतं. आणि नेमकं बिघडवता त्यालाच येतं, ज्याला नेमकं गाता येतं. अवघडलेल्या मुलीचं सोंग करायचं, पण सूर मात्र जागचा हलू द्यायचा नाही.

सगळंच हसण्यावारी नाही. पहिल्या अंकाच्या शेवटी मारी पलटणीचा निरोप घेते. तिथे ताना नाहीत, धावपळ नाही. गाणं हळू चालतं आणि सोबतीला एक खोल आवाजाची सनईसारखी सुषिरवाद्याची ओळ असते. आत्ताच हसवणारी बाई दोन मिनिटांत डोळ्यांत पाणी आणते. सासरी निघालेल्या लेकीच्या घरात वेगळं काय असतं?

आता मुद्द्याचं सांगतो. या नाटकात टोनियोचं एक प्रसिद्ध गाणं आहे. त्यात पुरुषाच्या आवाजातला खूप वरचा सूर नऊ वेळा लावायचा असतो. या प्रयोगात टोनियो होता पेरू देशाचा गायक हुआन दिएगो फ्लोरेस. न्यूयॉर्कला 21 एप्रिल 2008 रोजी टाळ्या थांबेनात, म्हणून त्यानं ते गाणं पुन्हा गायलं. तिथे एकट्याचं गाणं असं पुन्हा गाण्याची तेव्हा पद्धत नव्हती, त्यामुळे त्याची बातमी झाली. त्याचं कौतुक व्हायलाच हवं, सूर कठीणच आहेत.

पण ते नऊ आहेत, म्हणून मोजता येतात. मारीचं काय? ती दोन्ही अंकभर गाते, बोलते, धावते, कपडे हाताळते, हसवते, रडवते. त्याचा आकडा कुठला सांगणार? टाळ्या देसेलाही भरपूर मिळाल्या, पण या नाटकाचं नाव निघालं की लोक आधी ‘ते नऊ सूर’ म्हणतात.

आमच्या प्रशिक्षणात आम्ही 24 तासांचं घड्याळ भरून घेतो. कोण कधी उठतं, कोण काय करतं. पुरुषाचं काम चार शब्दांत मावतं: नांगरट केली, बाजारात गेला. बाईचं लिहायला कागद पुरत नाही, कारण एका वेळी तीन कामं चाललेली असतात. तरी विचारलं की ती म्हणते, “मी काय, घरीच असते.” जे सुटं मोजता येतं त्याला काम म्हणतात आणि जे दिवसभर चालतं ते कुणाच्या हिशेबात येत नाही. मारीकडे बघताना हे आम्हाला लख्ख दिसलं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. 2007 च्या आधीच्या काही वर्षांत देसेच्या स्वरतंतूंवर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. जिचं पोट गळ्यावर, तिचाच गळा दुखावला. ती थांबली, उपचार घेतले आणि नंतर हे काम केलं. आपल्यापैकी कितीजणी चुलीच्या धुरात बसतात, मिश्री लावतात, दिवसभर ओरडून बोलतात! आवाज बसला की आपण हळद-दूध घेऊन गप्प बसतो. मैत्रिणींनो, आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला राहिला तर दवाखान्यात दाखवा. गिळताना त्रास होत असेल किंवा मानेला गाठ लागत असेल तर तेवढंही थांबू नका. गाणारणीलाच गळा असतो असं नाही. ग्रामसभेत उभं राहून बोलायलाही तोच लागतो.

नाटकाचा शेवट सांगून थांबतो. सरदारीण कबूल करते की ती मारीची मावशी नाही, आई आहे. आईचा मान राखायला मारी लग्नाला तयार होते. सगळे बडे पाहुणे जमतात. तेवढ्यात पलटण आत घुसते आणि मारी कोण होती ते उघड होतं. पाहुणे नाकं मुरडतात. मारी मात्र लपवत नाही. आपल्याला शिपायांनी वाढवलं, त्यांच्या प्रेमावर आपण मोठी झाले, हे ती सगळ्यांसमोर गाऊन सांगते. तिचा खरेपणा आईच्या मनाला भिडतो आणि टोनियोशी लग्नाला ती होकार देते.

मारी वाड्यावर राहायला आली तरी इस्त्रीच्या ढिगाची लाज धरत नाही. आपणही धरू नये. पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं आपलं कालचं 24 तासांचं घड्याळ भरून आणा. एकत्र चाललेली कामंही लिहा, एकही सोडू नका. मग ते घरी मोठ्यानं वाचून दाखवा. आवाज मोकळा ठेवा आणि जपाही.