गोदामाचे दार आणि आतला माणूस

दाराचे हार्डवेअर, म्हणजे बिजागऱ्या, कड्या, कुलपे, मुठी आणि दार आपोआप मिटवणारा क्लोजर, या विषयावरील परिषद जासईत भरावी हे उचितच आहे. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यानंतर पनवेल-उरण पट्ट्यात जी गोदामे आणि कंटेनरांची आवारे उभी राहिली, त्यांत दाराचा विचार मालाच्या राखणीसाठी होतो, आत काम करणाऱ्याच्या सुटकेसाठी क्वचितच. प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या या जासई गावाने जानेवारी 1984 मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी गोळीबार सोसला. त्याच परिसरातील जमिनींवर आज जी छपरे उभी आहेत, त्यांखालचा कामगार प्रसंगी बाहेर पडू शकेल काय, हा प्रश्न येथे अस्थानी ठरू नये.

दाराने परक्याला अडवावे आणि आतल्याला सोडावे, या दोन मागण्या परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांचा मेळ कसा घालायचा हे इमारत संहिता सांगते. भारताची राष्ट्रीय इमारत संहिता 1970 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि 1983, 2005 व 2016 मध्ये सुधारली गेली. तिचा चौथा भाग आग व जीवितसुरक्षेला वाहिलेला आहे. सुटकेच्या वाटेवरील दार बाहेरच्या बाजूस उघडावे, आतून किल्लीवाचून उघडता यावे, त्याची रुंदी 1000 मिलिमीटरपेक्षा आणि सभागृहांत 2000 मिलिमीटरपेक्षा कमी नसावी, असे तो सांगतो. वर गुंडाळले जाणारे किंवा सरकणारे दार सुटकेचे दार म्हणून तो मान्य करीत नाही. म्हणजे गोदामाचे शटर कितीही प्रशस्त असले तरी संहितेच्या हिशेबी ते सुटकेचे दार नव्हेच. मात्र संहिता ही मुळात शिफारस असून, राज्याचा कायदा किंवा स्थानिक विकास नियंत्रण नियमावली तिचा आधार घेते तेव्हाच तिला धार येते.

प्रमाणनाचा खरा गुंता यापुढे आहे. बिजागऱ्यांसाठी आयएस 1341, मॉर्टिस कुलपांसाठी आयएस 2209, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या क्लोजरसाठी आयएस 3564 अशी सुट्या वस्तूंची मानके आहेत. 2016 च्या भारतीय मानक ब्यूरो कायद्याखाली केंद्र सरकारने तसा आदेश काढल्याखेरीज ती पाळणे ऐच्छिक असते. अग्निरोधक दाराचे मानक आयएस 3614 मात्र सुट्या वस्तूला नव्हे, तर जोडलेल्या संपूर्ण दाराला लागू होते, कारण रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळेत भट्टीपुढे उभे केले जाते ते चौकट, फळी, बिजागरी, कुलूप आणि क्लोजर यांसह दार. त्याने ज्वाला किती मिनिटे रोखली यास अखंडता म्हणतात, आणि पलीकडचा पृष्ठभाग किती वेळ फार तापू दिला नाही यास उष्णतारोधन. चौकटीच्या खाचेत बसवलेली पट्टी उष्णतेने फुगून फट बुजवते, क्लोजर दार मिटलेले ठेवतो, कुलपाची जीभ ते वाकू देत नाही. यांतील एकही वस्तू नंतर स्वस्त पर्यायाने बदलली, तर 120 मिनिटांचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलेच राहते, पण ज्या दाराची चाचणी झाली होती ते दार तेथे उरलेले नसते. पितळेची चकाकी आणि वजन पाहून हार्डवेअर घेण्याची बाजारातील रीत या तत्त्वाशी मुळीच जुळत नाही.

आतून सहज उघडणाऱ्या कुलपाचा इतिहास दुर्घटनांनी लिहिला आहे. शिकागोच्या इरोक्वा नाट्यगृहात 30 डिसेंबर 1903 रोजी सहाशेहून अधिक माणसे दगावली. काही दारांच्या कड्या कशा उघडाव्यात हे प्रेक्षकांना कळले नाही. त्यानंतर काही वर्षांतच अमेरिकेत पॅनिक बार, म्हणजे अंगाच्या रेट्याने दार उघडणारा आडवा दांडा, बाजारात आला. युरोपीय मानके येथे एक मार्मिक भेद करतात: इमारत अनोळखी असलेल्या गर्दीसाठी ईएन 1125 आणि दाराची सवय असलेल्या कर्मचाऱ्यांसाठी ईएन 179. गोदामात सभागृहासारखी गर्दी नसते म्हणून दुसरे मानक पुरेसे, असा युक्तिवाद होऊ शकतो. परंतु कंत्राटी कामगार सतत बदलत असतील तेथे पहिलेच मानक धरणे शहाणपणाचे.

मे 2019 मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाची येथे कापडाच्या दुकानाला आग लागली तेव्हा आत झोपलेले पाच कामगार मरण पावले. दार बाहेरून बंद होते. अशा वेळी चोरीचे भय पुढे केले जाते. बंदरालगत आणखी एक कारण पुढे येते, ते सीमाशुल्काचे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 58अ नुसार विशेष वखारीला अधिकारी कुलूप लावतो आणि त्याच्या परवानगीवाचून आत शिरण्यास वा माल हलवण्यास मनाई असते. हा निर्बंध प्रवेशावर आणि मालावर आहे, माणसाने बाहेर पडण्यावर नाही. बाहेरून बंद आणि आतून खुले राहणारे कुलूप या दोन्ही गरजा भागवते. दार उघडताच वाजणारी घंटा जोडली की मालकाची शंकाही फिटते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 अन्वये मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी व जुलैमध्ये देखभालीचे प्रमाणपत्र घेऊन सादर करायचे असते. त्या तपासणीत नळ आणि अग्निशामक नळकांडी यांकडे लक्ष जाते, तसेच ते क्लोजर, कडी आणि बिजागरीकडेही जावे. तपासनिसाने प्रत्येक सुटकेचे दार स्वतः आतून, किल्लीवाचून उघडून पाहिल्याशिवाय सही करू नये, आणि विक्रेत्याने अग्निरोधक दारासोबत संपूर्ण जोडणीचा चाचणी-अहवाल दिल्याखेरीज माल देऊ नये, असा ठराव या परिषदेने संमत करावा.