छतावर सोलर, नळाला थंड पाणी



मी प्लंबर. वडिलांच्या हाताखाली पाइप आवळायला शिकलो, आता ठेकेदारी करतो. तेव्हा कामाचंच बोलतो.

1999 साली केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने राज्यांना नमुना नियम पाठवले. रुग्णालयं, लॉज, वसतिगृहं, पोलिसांच्या बराकी, लग्नाचे हॉल अशा नव्या इमारतींत पाणी तापवायला सोलरची सोय हवीच. छतावर उन्हाची मोकळी जागा, चौरस मीटरला किमान 50 किलो भार पेलणारा स्लॅब आणि छतापासून नळापर्यंत गरम पाण्याचा वेगळा पाइप. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हा पाइप. टाकी नंतरही बसते. भिंती फोडून पाइप कोण टाकतो? पुढे अनेक महापालिकांनी हे आपल्या नियमांत घेतलं. पुण्यात तर मालमत्ता करात सूट ठेवली.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी मुलींच्या एका वसतिगृहाचं काम घेतलं. भोगवटा प्रमाणपत्रासाठी छतावर सोलर दिसायला हवं होतं. मालक म्हणाले, "टाक्या बसवा, जोडणी नंतर बघू." भिंतीत पाइप होता, वर टाक्या होत्या, मध्ये दोन हातांचं अंतर. फोटो गेला, कागद आला, मी बिल घेतलं. दोन हिवाळ्यांनंतर गळती काढायला गेलो. पहाटे मुली एकाच गिझरपुढे बादल्या घेऊन रांगेत उभ्या. टाक्या वर तशाच.

जोडलेलं सोलरही मरतं म्हणा. बोअरच्या जड पाण्याने तांब्याच्या नळ्यांत क्षार धरतो, धार बारीक होते. नळ्या धुवून घ्याव्या लागतात, पण त्या खर्चाचं खातंच कुणी ठेवत नाही.

तुम्ही आपल्या हॉस्टेलच्या, शादीखान्याच्या गच्चीवर चढून बघा. जोडणी नसेल तर महापालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा. मशीद त्या यादीत नाही. तरी वुजूखान्याचं काम निघालं तर ट्रस्टींना एक जादा पाइप टाकायला सांगा. जानेवारीतल्या फजरला म्हातारी माणसं दुआ देतील.

त्या वसतिगृहात मागच्या महिन्यात पुन्हा गेलो. जोडणी पदरच्या खर्चाने करून देतो म्हणालो. मालक म्हणाले, बघू. येत्या जुम्म्याच्या नमाजनंतर परत जातोय. कुणाला यायचं असेल तर या, शिडी आणि पाना माझ्याकडे आहे.